पहिले घर : डाउन पेमेंटचा हिशेब शेवटाकडून मांडावा

पहिले घर घेणारे बहुतेक लोक दोन आकडे हाताशी धरून सुरुवात करतात. बँक किती कर्ज देईल हा एक आणि आपल्याजवळ किती पैसे साठले आहेत हा दुसरा. या दोन्हींची बेरीज घराच्या किमतीएवढी झाली की व्यवहार जमला असे मानून टोकन, म्हणजे इसाराची रक्कम, दिले जाते. माझ्या मते हिशेबाची ही दिशाच उलटी आहे. घराचा ताबा मिळून पहिला हप्ता गेल्यानंतर खात्यात किती पैसे उरले पाहिजेत, हा आकडा आधी ठरवावा. मग कर्जातून भागणार नाहीत असे खर्च वजा करावेत. या दोन वजाबाक्यांनंतर जे उरेल ते डाउन पेमेंट, म्हणजे किमतीतला आपण स्वतः भरायचा भाग. ते बँकेच्या किमान अटीपेक्षा कमी भरले, तर त्या किमतीचे घर सध्या आपल्याला परवडत नाही, आणि हे टोकन देण्यापूर्वी कळलेले बरे.

ही गोष्ट मी शहाणपणाने शिकलो नाही. आमच्या पहिल्या फ्लॅटच्या वेळी किमतीच्या पस्तीस टक्के रक्कम स्वतःची भरली याचा मला मोठा अभिमान होता. ताब्याच्या पत्रासोबत बिल्डरचे दोन पानी मागणीपत्र आले. त्यात दोन वर्षांचे मेंटेनन्स, सोसायटी नोंदणीचा खर्च, वीजमीटर, वकिलाची फी अशा एकाखाली एक नोंदी होत्या. करारनाम्यात या सगळ्यांचा उल्लेख होता, पण आम्ही तो नीट वाचला नव्हता. खात्यात तेव्हा महिन्याच्या किराण्यापुरतेच पैसे होते. घराच्या किल्ल्या हातात येण्याच्या आदल्या आठवड्यात बायकोच्या बांगड्या सोनेतारणात गेल्या, आणि पुढची दीड वर्षे आम्ही गृहकर्जापेक्षा महाग व्याज भरून त्या सोडवत बसलो.

बँक किमान किती मागते

गृहकर्जाचे घराच्या किमतीशी प्रमाण किती असावे, याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे. ३० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांपुढच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत. उरलेला भाग आपला; बँकेतले लोक त्याला मार्जिन मनी म्हणतात. ही कमाल मर्यादा आहे, आपला हक्क नव्हे. आपले उत्पन्न, वय, सिबिल स्कोअर (आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण) आणि आधीची कर्जे पाहून बँक याहून कमी देऊ शकते. काही बँका ८० टक्क्यांहून जास्त कर्जाला थोडा चढा दरही लावतात.

या टप्प्यांच्या सीमेवर एक बारकावा आहे, आणि तो बँकेचा माणूस आपणहून सांगेलच असे नाही. टप्पा ठरतो तो कर्जाच्या रकमेवर, घराच्या किमतीवर नाही. समजा घर ३६ लाखांचे आहे. ८० टक्क्यांनी धरल्यास कर्ज २८ लाख ८० हजार बसते. परंतु बरोबर ३० लाखांचे कर्ज मागितले, तर ते पहिल्या टप्प्यात मोडते आणि किमतीच्या सुमारे ८३ टक्के असल्यामुळे ९० टक्क्यांच्या आतच राहते. म्हणजे स्वतःचे सात लाख वीस हजार नव्हे, सहा लाख पुरतात. ९५ लाखांच्या घराचेही तसेच. ७५ टक्क्यांनी ७१ लाख २५ हजार कर्ज मिळते. मात्र ७५ लाखांवर थांबलात, तर ८० टक्क्यांची मर्यादा लागू होते आणि पावणेचार लाखांचा फरक पडतो. ज्यांचे घर या सीमांच्या आसपास आहे त्यांनी हा हिशेब कागदावर मांडून बँकेपुढे ठेवावा.

"किंमत" म्हणजे नेमकी कोणती, हेही पाहावे लागते. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दस्तऐवजांचा खर्च बँकेने किमतीत धरायचा नसतो. घर दहा लाखांच्या आतले असेल तरच त्यात सवलत आहे. जीएसटी धरायचा की नाही, हे बँकेला आधीच लेखी विचारून घ्यावे. जुन्या घराच्या खरेदीत बँकेचा मूल्यांकनकार येऊन आपली स्वतंत्र किंमत काढतो, आणि करारातील किंमत व त्याची किंमत यांपैकी जी कमी असेल तिच्यावर कर्ज बसते. ५० लाखांना ठरलेल्या फ्लॅटचे मूल्यांकन ४६ लाख झाले, तर ८० टक्के म्हणजे ३६ लाख ८० हजारच मिळतील, आणि दहा लाखांची तयारी केलेल्या माणसाला तेरा लाख वीस हजार उभे करावे लागतील. मुद्रांक शुल्काचा नियम नेमका याच्या उलट आहे. करारातील किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, यानुसार निघणारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क भरायचे. दोन्हीकडून झळ आपल्यालाच. म्हणून जुन्या घराचे टोकन देण्यापूर्वी, शक्य असेल तर दोन-तीन हजार रुपये खर्चून स्वतःच मूल्यांकन करून घेणे वाया जात नाही.

विकणारा काही रक्कम रोखीत मागत असेल, तर ती रक्कम कर्जाच्या हिशेबात येत नाही, पूर्णपणे आपल्या खिशातून जाते आणि कागदावर कुठेही उरत नाही. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम आगाऊ म्हणून रोख घेणे आयकर कायद्यात बसत नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. अशी मागणी आली की व्यवहार सोडून द्यावा असे मी म्हणतो. माझे अनेक मित्र याला पुस्तकी सल्ला म्हणतात, हेही येथे नोंदवून ठेवतो.

एक घर, एक वही

आता पुण्यातल्या एका जोडप्याचा हिशेब नमुना म्हणून मांडू. दोघेही नोकरी करतात, दोघांचे मिळून हातात १ लाख १० हजार येतात आणि मुदतठेवी व म्युच्युअल फंड मिळून ३० लाख रुपये साठले आहेत. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात ६० लाखांचा फ्लॅट त्यांना आवडला आहे. निम्मी रक्कम हाताशी असल्यामुळे पंचवीस लाख सहज भरू आणि पस्तीस लाखांचे कर्ज काढू, असे ते धरून चालले आहेत.

वहीचे पान उघडून कर्जाबाहेरचे खर्च लिहायला घेऊ. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. (मुंबईत ते ६ टक्के आहे. राज्यात घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतल्यास एक टक्का सवलत मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही, आणि बहुतेक जोडपी हे नोंदणीच्या दिवशी शोधून काढतात.) नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणून ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले, म्हणजे राहण्यास तयार असल्याचा दाखला असलेले घर घेतले असते, तर हे तीन लाख वाचले असते. आणि कार्पेट क्षेत्र व ४५ लाखांपर्यंतची किंमत या अटींत बसणारे परवडणारे घर असते, तर दर १ टक्का लागला असता. कर्जाची प्रक्रिया फी, बँकेच्या वकिलाचा तपास आणि गहाणखताचा खर्च मिळून ४० हजार धरू. ताब्याच्या वेळच्या मागणीपत्रासाठी दीड लाख. राहायला जाण्यापुरत्या गोष्टी, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, खिडक्यांना जाळ्या, पंखे, गीझर, एक कपाट आणि पडदे, यांना तीन लाख. हा आकडा कमी वाटत असेल, तर आपल्या ओळखीत ज्यांनी गेल्या वर्षभरात घर लावले त्यांना विचारावे.

बेरीज १२ लाख ४० हजार. जीएसटीबाबत बँकेचे उत्तर वेगळे येऊ शकते, पण यातला एकही रुपया घराच्या किमतीत मोजला जाईल असे धरू नये.

पुढची ओळ राखीव रकमेची. बँकेच्या ८० टक्क्यांच्या मर्यादेने ४८ लाखांचे कर्ज, व्याज उदाहरणापुरते ८.५ टक्के आणि मुदत वीस वर्षे धरली, तर हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. घरखर्च ३८ हजार. दोन्ही मिळून महिन्याला ८० हजार, सहा महिन्यांचे ४ लाख ८० हजार, म्हणून पाच लाख राखीव लिहू. एकाची नोकरी गेली, आईवडिलांचे ऑपरेशन निघाले किंवा बाळंतपणात पगार थांबला, तरी घराचा हप्ता चुकू नये यासाठी ही रक्कम आहे. ज्या घरात एकच कमावता आहे, तिथे सहाऐवजी नऊ महिने धरावेत.

३० लाखांतून १२ लाख ४० हजार आणि ५ लाख गेले. उरले १२ लाख ६० हजार. बँकेची किमान अट ६० लाखांच्या २० टक्के, म्हणजे १२ लाख. पंचवीस लाख भरायला निघालेल्या जोडप्याला प्रत्यक्षात बारा लाखच भरता येतात आणि वर ६० हजारांची जागा उरते. घर परवडते, पण काठोकाठ. याच जोडप्याजवळ २६ लाख असते, तर हाच फ्लॅट घेण्याकरिता त्यांना राखीव रकमेला हात घालावा लागला असता, आणि अशा वेळी पन्नास-बावन्न लाखांचे घर शोधणे किंवा वर्षभर थांबणे हाच माझ्या दृष्टीने योग्य मार्ग आहे.

६० लाखांच्या या व्यवहारात आणखी एक कागद येतो. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने विकणाऱ्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या वतीने आगाऊ कर, कापून सरकारजमा करायचा असतो. तो वेगळा खर्च नाही, किमतीतच धरलेला असतो. मात्र पुष्कळदा तो आपल्या वाट्यातून, आपल्याच खात्यातून, बिल्डरला द्यायच्या प्रत्येक हप्त्याच्या वेळी भरावा लागतो. तारीख चुकली की व्याज आणि विलंब फी लागते.

पैसे केव्हा जातात

डाउन पेमेंट किती, या प्रश्नाइतकाच ते केव्हा लागेल हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बँक खरेदीदाराचा वाटा आधी भरून घेते आणि नंतरच स्वतःचे पैसे सोडू लागते. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्रातील नमुना करारनाम्याप्रमाणे करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. पुढे गिलावा, लिफ्ट वगैरे टप्प्यांनी ती ९५ टक्क्यांवर जाते आणि उरलेली ताब्याच्या वेळी. आपल्या जोडप्याचे मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि पूर्ण बारा लाख अशा रीतीने पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बाहेर पडतात. साडेसोळा लाख, आणि त्यावर बिल्डरला भरलेल्या हप्त्यांचा जीएसटी. म्युच्युअल फंडातली रक्कम बाजार कसाही असला तरी नेमक्या त्या महिन्यात काढावी लागेल. म्हणून घर घेण्याचे ठरले की, टोकनची वाट न पाहता, हे पैसे टप्प्याटप्प्याने मुदतठेवीत किंवा लिक्विड फंडात आणून ठेवावेत.

बांधकाम चालू असलेल्या घरात मधला काळ सर्वात ओढाताणीचा असतो. जोते पूर्ण झाले, बिल्डरने ४५ टक्के म्हणजे २७ लाख मागितले, त्यातले १२ लाख आपले आणि १५ लाख बँकेने दिले, असे समजा. या १५ लाखांचे प्री-ईएमआय व्याज, म्हणजे पूर्ण हप्ता सुरू होण्यापूर्वी भरायचे नुसते व्याज, महिन्याला १०,६०० च्या घरात जाते. शिवाय राहत्या घराचे भाडे चालूच आहे. स्लॅब वाढत जातात तसे व्याजही वाढते आणि ताबा लांबला की हे दुहेरी ओझे लांबत जाते. वर धरलेली पाच लाखांची राखीव रक्कम काहींना जास्त वाटली असेल. प्रकल्पाचा ताबा दोन वर्षांहून दूर असेल, तर मी ती आणखी लाखभराने वाढवेन. "फक्त दहा टक्के भरा, ताब्यापर्यंत हप्ता नाही" अशा जाहिराती पाहिल्यावर, ताब्यापर्यंतचे व्याज कोण भरतो आणि बिल्डरने भरणे थांबवले तर बँक कोणाच्या दारात येते, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. कर्ज आपल्या नावावर असते.

उरलेले पाच लाख भरावेत की ठेवावेत

हा खरा वादाचा मुद्दा आहे. समजा आपल्या जोडप्याजवळ ३० ऐवजी ३५ लाख आहेत. सगळी वजाबाकी झाल्यावरही पाच लाख जास्तीचे उरतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, कर्ज जितके कमी तितके बरे, भरून टाका. शेअर बाजारात रमलेला मित्र म्हणेल, कर्ज जितके मिळते तितके घ्या आणि पैसे गुंतवा. दोघांचेही अर्धे बरोबर आहे.

आधी भरण्याचा फायदा मोजू. कर्ज ४८ ऐवजी ४३ लाख झाले, तर हप्ता सुमारे ४,३४० रुपयांनी उतरतो आणि वीस वर्षांत साधारण पाच लाख चाळीस हजारांचे व्याज वाचते. आता ठेवण्याची किंमत. पाच लाखांवर वर्षाचे कर्जव्याज ४२,५०० होते. तेच पैसे ६.५ टक्क्यांच्या मुदतठेवीत ठेवले तर ३२,५०० मिळतात आणि २० टक्क्यांच्या पायरीवर त्यातून ६,५०० कर जातो. म्हणजे पाच लाख हाताशी ठेवल्याबद्दल आपण वर्षाला १६,५०० रुपये मोजतो. एवढ्या पैशांत वर्षभराची निश्चिंती मिळत असेल, तर मला ती महाग वाटत नाही.

याचे कारण कर्जाच्या रचनेतच आहे. व्यक्तीने घेतलेल्या, बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बंद केला आहे. पाच लाख आज भरा किंवा वर्षाने भरा, बँक ते विनातक्रार घेते. उलट दिशेने मात्र वाट बिकट आहे. भरलेले पाच लाख परत हवे असतील, तर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्जाचा अर्ज करावा लागतो, त्याची तपासणी होते, आणि नोकरी गेलेल्या माणसाला, म्हणजे ज्याला त्या पैशांची खरी गरज असते त्याला, ते कर्ज सहसा मिळत नाही. एका बाजूने सहज उघडणारे आणि दुसऱ्या बाजूने कुलूपबंद असे हे दार आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी तरी पैसे दाराच्या आपल्या बाजूला ठेवावेत.

आणि वर्षभराने भरले तरी फारसे बिघडत नाही. ४८ लाखांच्या कर्जाचे बारा हप्ते भरून झाल्यावर शिल्लक सुमारे ४७ लाख ४ हजार राहते. तेव्हा पाच लाख भरले आणि हप्ता तोच ४१,६५० ठेवला, तर उरलेले २२८ हप्ते जवळपास १७८ वर येतात. पन्नास हप्ते, म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ कमी होतो. सुरुवातीलाच ४३ लाखांचे कर्ज घेऊन त्यावर हाच हप्ता भरत राहिला असता, तर एकूण १८६ हप्ते लागले असते. वर्षभर थांबून भरल्यास १९०. चार हप्त्यांचा फरक आहे, आणि तोही पंधरा वर्षांनंतरचा.

बांधकाम चालू असलेल्या घरात यासाठी आणखी एक सोय आहे. मंजुरी पूर्ण ४८ लाखांची घ्यावी. बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडत असल्यामुळे, शेवटच्या स्लॅबपर्यंत सगळे सुरळीत असेल तर शेवटचे दोन टप्पे स्वतःच्या पैशांतून भरावेत आणि तेवढे कर्ज उचलूच नये. प्रक्रिया फी मंजूर रकमेवर लागते, ते काही हजार जास्त जातील. काही बँका गृहकर्जाला ओव्हरड्राफ्टची जोड देतात, ज्यात जास्तीचे पैसे कर्जखात्यात ठेवून व्याज वाचवता येते आणि गरज पडल्यास काढताही येतात. त्याचा दर साध्या कर्जापेक्षा थोडा चढा असू शकतो. मोठी रक्कम सतत शिल्लक राहणार असेल तरच तो परवडतो.

मित्राच्या सल्ल्यातला कमकुवत दुवा म्हणजे करसवलत. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जव्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते आणि मुद्दल बचत-गुंतवणुकीच्या दीड लाखांच्या वजावटीत (लोक जिला ८०सी म्हणतात) धरता येते. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी यांतले काहीच नाही, आणि २०२३-२४ पासून, आपण वेगळी निवड केली नाही तर, नवी प्रणालीच लागू धरली जाते. तेव्हा "कर वाचतो म्हणून कर्ज मोठे घ्या" हे वाक्य आपल्या बाबतीत लागू आहे का, ते आधी तपासावे. जुन्या प्रणालीत असलात, तरी एका व्यक्तीला २ लाखांच्या वरचे व्याज कुठेच कामी येत नाही. ४८ लाखांच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याजच चार लाखांपुढे जाते.

जास्त भरणेच योग्य असते तेव्हा

राखीव रक्कम बाजूला ठेवल्यावरही काही घरांत जास्त डाउन पेमेंट करणे योग्य ठरते. हप्ता हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपुढे जात असेल, तर कर्ज कमी करण्याला पर्याय नाही. बँक ५० टक्क्यांपर्यंत मान्य करील, पण मुलांच्या शाळेची फी बँक भरत नाही. आपल्या जोडप्याचा हप्ता ३८ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे तेही कडेलाच उभे आहेत. पंचेचाळिशीनंतर पहिले घर घेणाऱ्यांची मुदत निवृत्तीने मर्यादित होते, म्हणून त्यांनीही जास्त भरावे. पुढच्या दोन-चार वर्षांत एकाचा पगार थांबणार असल्याचे आधीच ठाऊक असेल, तर हिशेब एकाच पगारावर करावा.

व्याजदर वाढण्याचाही विचार यात येतो. मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. दहा महिन्यांत अडीच टक्के. अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत वर्षानुवर्षे लांबली, आणि काहींचा हप्ता व्याजालाही पुरेना. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही यांचा पर्याय द्यावा असे बँकांना सांगितले. आपल्या हिशेबात दर एक टक्क्याने चढवून पाहावा. ४८ लाखांचा हप्ता ९.५ टक्क्यांना सुमारे ४४,७४० होतो, तीन हजारांहून अधिक वाढ. तेवढी झेपत नसेल, तर आणखी दोन-तीन लाख भरून कर्ज आजच उतरवावे.

पैसे कुठून उभे करू नयेत

डाउन पेमेंटला पैसे कमी पडले की पर्सनल लोनचा मोह होतो. पाच लाखांचे पर्सनल लोन १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला ११,१०० हून अधिक जातात. तेच पाच लाख गृहकर्जात असते तर ४,३४०. शिवाय त्या हप्त्यामुळे गृहकर्जाची पात्रताच घटते, आणि मंजुरीनंतर गुपचूप घेतलेले कर्ज पैसे सोडण्याच्या वेळी सिबिलमध्ये दिसू शकते.

पीएफमधून घरासाठी पैसे काढता येतात. पण २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होते आणि नेहमीच्या मर्यादेत ते करमुक्त आहे. गृहकर्जाचा दर साधारण तेवढाच असेल, तर निवृत्तीचा पैसा मोडून कर्ज कमी करण्यात हाती काही लागत नाही. बँकेची किमान अट पुरी करायला दुसरा मार्गच नसेल तर, आणि लागेल तेवढेच काढावे. आईवडिलांनी दिलेली रक्कम करमुक्त असते. ती बँकेतूनच घ्यावी आणि साध्या कागदावर भेट म्हणून लिहून ठेवावी. भावंडे असतील तर हा कागद आयकरापेक्षा घरातल्या शांततेसाठी जास्त उपयोगी पडतो. परत करायची असेल तर ती भेट नव्हे, कर्ज आहे, आणि त्याचा हप्ता वरच्या ४० टक्क्यांत धरला पाहिजे.

हा सगळा हिशेब टोकन देण्यापूर्वी करावा, आणि टोकनच्या पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत" असे एक वाक्य लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन पुरत नाही. ताबा मिळून, पडदे लागून, पहिले वर्ष नीट गेले की राखीव रकमेच्या वर जे साठले असेल ते कर्जात भरायला बँकेत जावे. तिथे अर्जावर "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असे स्वतःच्या हाताने लिहावे, शिक्का मारलेली पोच घ्यावी आणि महिन्याभराने नवे परतफेड वेळापत्रक मागवून उरलेले हप्ते मोजावेत. काही शाखा विचारल्याशिवाय हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात, आणि मग वर मोजलेल्या पन्नास हप्त्यांची बचत होत नाही.